कालची स्लाइड

ट्रेमधल्या स्लाइड तिने ठेवल्या होत्या तशा नव्हत्या. नंबराची बाजू ती नेहमी डावीकडे ठेवायची. काहींची आता उजवीकडे होती. म्हणजे ती घरी गेल्यावर कुणीतरी त्या पुन्हा पाहत होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती लॅबमध्ये परतली, तेव्हापासून हे चाललं होतं. मायक्रोस्कोपखाली पेशी पाहून तिने मत लिहायचं, लॅबच्या डॉक्टर मॅडमनी तिच्यासमोरच तपासून सही करायची आणि मग स्लाइड तिनेच ट्रेमध्ये लावायच्या, अशी पद्धत. शेजारच्या टेक्निशियनला तिने आडून विचारलं, तर तो म्हणाला, उंदीर असतील ताई, हल्ली शिकलेले निघतात. तिला हसू आलं नाही. घरी सांगितलं, तर नवऱ्याने हात टेकले. आता चहातही साखर आहे की नाही ते तपासून घे, म्हणाला.

काल एका बाईच्या स्लाइडमध्ये पेशींचा एक पुंजका तिला खटकला. केंद्रकं मोठी, कडा वेड्यावाकड्या. 'संशयास्पद' लिहायला घेतलं आणि पेन थबकलं. हिला आता जिथेतिथे रोगच दिसतो, असं म्हणतील. तिने 'दोष नाही' लिहिलं. मॅडमनी सही केली.

आज मात्र तिला राहवेना. ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

"माझ्या स्लाइड तुम्ही मागून पुन्हा बघता ना?"

"बघते." मॅडमनी नजर चुकवली. "तुला नाही गं तपासत. मला तपासते. हल्ली माझ्याच डोळ्यांची खात्री वाटत नाही. तुझं मत आधी वाचते. जुळलं की जीव भांड्यात पडतो."

"कालच्या बाईचंही?"

"तिथे एक पुंजका मला खटकला होता. पण तू 'दोष नाही' लिहिलं होतंस."

"ते मी तुम्हाला घाबरून लिहिलं."

मग मॅडम स्लाइड घ्यायला उठल्या, तशी ती म्हणाली, "आता आपण दोघींनी बघून उपयोग नाही. जे ऐकलं तेच दिसेल. बाहेरच्या लॅबला पाठवा. आपलं मत कळवू नका."

त्या बाईचा रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर गेला होता. ती धावत गेली आणि टेक्निशियनच्या हातातून तो काढून घेतला. समोर ती बाई उभी होती, हात पुढे केलेला.

"का हो? काही निघालं का?"

"मला खात्री नाही," ती म्हणाली. "म्हणून थांबवलाय."

बाईने तिला संशयाने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग खात्री कुणाला आहे?"

तिने बाहेर येऊन बाईसाठी खुर्ची ओढली, आणि एक स्वतःसाठी.