लिंबूटिंबू

तिने एंटर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा लाल ओळी उमटल्या. या वेळी अकरा. मघाशी नऊ होत्या. तिने वही पुढे ओढली, तारीख घातली आणि पहिली लाल ओळ अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायला लागली. तीस वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं टाइप करून आणि मुद्रितं तपासून तिला एक खोड जडली होती. मजकूर कळला नाही तरी चालेल, उतरवताना चूक व्हायला नको.

"वाढल्या का?" खिडकीजवळच्या खुर्चीतून फोरमननं विचारलं.

"दोन."

"मग प्रगती आहे."

फोरमन म्हणजे तिचा नवरा. छापखान्यात सगळे त्याला फोरमन म्हणायचे, ते हळूहळू घरातही शिरलं आणि आता त्याच्या बहिणीखेरीज कुणी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली. मग पाय परत आला, जुन्या तिरकसपणासकट जीभ परत आली. हात तेवढा आला नाही. तो मांडीवरच्या उशीवर पडून असायचा, कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं. "तीन आठवड्यांनी मी पुन्हा बघेन. तोवर हा हात रोज आपणहून हलला पाहिजे. डाव्या हातानं उचलून ठेवला, बायकोनं हलवला, हे मी धरणार नाही. आत्ता नाही हलला तर असाच बसेल. मग माझ्याकडे येऊनही उपयोग नाही."

त्यांनी एक मऊ चेंडू आणि दहा चिमटे दिले होते. चिमट्यांकडे बघून फोरमन म्हणाला होता, "म्हणजे आता कपडे वाळत घालायचे?" चिमटे दोरीवर गेले. चेंडू कपाटाखाली गेला तो गेलाच.

फक्त एकदा हात हलला होता, तोही दवाखान्यातच. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक खेळ लावलेला होता. वरून फळं पडायची, माऊस सरकवून ती टोपलीत झेलायची. नंबर यायला वेळ होता म्हणून फोरमन तिथे टेकला आणि त्याचा उजवा हात वीतभर सरकला. एक सफरचंद टोपलीत पडलं. त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. रंगावर रंग नेमका बसला की मशीनपाशी उभा राहून तो असं बघायचा.

"घरी घ्या की हा खेळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुकट आहे. कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा. आधी चार लायब्ररी तेवढ्या बसवाव्या लागतात."

"चार लायब्ररी?" घरी येताना फोरमन म्हणाला. "आपल्याकडे एका कपाटाला जागा नाही."

तिलाही दुसरं काही सुचलं नव्हतं. या लायब्ररींत पुस्तकं नसतात, दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली कामं असतात, एवढं तिला दोन दिवसांत कळलं. एक लायब्ररी चित्र काढते, एक आवाज काढते, एकीला माऊसची भाषा समजते आणि चौथी वेळ मोजते. चौघी मिळून खेळ चालवतात. पण दुसरीला बसवावं तर ती म्हणे आधी पहिली हवी. पहिलीला तिसरी हवी होती, पण ही नको, तिची धाकटी बहीण. तिसरी म्हणे, चौथीशी माझं जमत नाही. तिच्या माहेरची चार माणसं एका गाडीत बसवायची म्हटलं की नेमकं असंच व्हायचं. फरक इतकाच की माहेरची माणसं कशावरून रुसली ते निदान कळायचं.

चौथ्या दिवशी तिने खेळाच्या पानावर खाली प्रश्न विचारायची चौकट होती तीत लिहिलं, "सप्रेम नमस्कार वि. वि. सूचनांप्रमाणे सर्व केले. अकरा लाल ओळी येतात. सोबत जोडल्या आहेत. तसदीबद्दल क्षमस्व." खेळ कुणी केला, बाई की बुवा, कुठे राहतात, काही कळायला मार्ग नव्हता.

तासाभरात उत्तर आलं. "फोल्डरचं नाव काय ठेवलंय?"

तिने खरं ते सांगितलं. "फोरमनचा हात - उपाय क्र. ३."

"सुंदर आहे. पण लायब्ररीला ते वाचता येत नाही. एकच छोटा शब्द ठेवा, रोमन अक्षरांत. मधे जागा सोडू नका."

तिने नाव बदललं. नऊ लाल ओळी एका झटक्यात गेल्या. आपण चार दिवस वहीत काय उतरवत होतो, असं तिला वाटून गेलं. उरलेल्या दोन ओळी वेळ मोजणाऱ्या चौथीच्या होत्या. ती म्हणे, तुमचा कॉम्प्युटर फार जुना आहे, मी इथे बसणार नाही. मग तिची आणखी जुनी आवृत्ती घे, त्याहून जुनी घे, असं करत तिने सहावी लावून बघितली तेव्हा लाल काहीच आलं नाही. एक पिवळी ओळ आली. तिने वहीत लिहिलं, "पिवळी. अर्थ लागत नाही. पण फळं पडत आहेत."

का पडत आहेत, हे तिला कधीच कळलं नाही. काल आणि आज यांत नक्की काय बदललं, ते विचारायलाही तिला भीती वाटली.

"चला," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी फोरमननं पन्नासातली सतरा झेलली. तिसऱ्या दिवशी एकतीस. मधेच त्याचं मनगट अडायचं, मग तो खांद्यातून जोर लावायचा, मग टोपली भलतीकडेच निघून जायची आणि तो तिला छापखान्यातल्या शिव्या द्यायचा. टोपली काही ऐकून घ्यायची नाही. आठवड्याच्या शेवटी त्रेचाळीस झाली तेव्हा तो नुसतंच "हं" म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. उशी दोन दिवस जमिनीवर पडून होती, कुणी उचलली नाही.

रविवारी नणंद आली. ती एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काहीतरी करायची आणि कुठल्याही घरात गेली की आधी तिथला कॉम्प्युटर तपासायची. फोरमन आत दाढी करत होता. डाव्या हातानं, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

"वहिनी, ही पिवळी ओळ बघितलीस?"

"रोज बघते, वन्सं. आता ओळख झालीय."

"अगं, हसतेस काय! वेळ मोजणारी लायब्ररी मोडीत काढलेली बसवलीयस तू. एका सेकंदाला ती दोन लावतेय. खेळ निम्म्या वेगानं चाललाय. तुला कळलं नाही?"

"मला वाटलं, फळंच तशी पडतात."

नणंदेनं कपाळावर हात मारला आणि पुढे सरसावली. ज्याला वहिनीला सहा दिवस लागले होते ते तिने चहा गार व्हायच्या आत केलं. पिवळी ओळ गेली. वहिनीला वाईट वाटावं की बरं, ते ठरेना. मुद्रितातली चूक दुसऱ्यानं दाखवली की कान गरम व्हायचे, तसे झाले मात्र.

"ये दादा, बघ आता," नणंद म्हणाली. "आता खरा खेळ."

फळं टपटपली. फोरमनचा हात पहिल्या फळाकडे निघाला तेव्हा तिसरं जमिनीवर होतं. तो उलट्या दिशेला वळला तोवर पाचवं. पन्नासातली तीन टोपलीत पडली, तीही टोपली वाटेत होती म्हणून.

"सवय होईल रे," नणंद म्हणाली.

"होईल," फोरमन म्हणाला. त्याने डाव्या हातानं उजवा हात उचलला, खिडकीपाशी गेला आणि खाली वाकून उशी घेतली.

सोमवारी तो कॉम्प्युटरकडे फिरकला नाही. मंगळवारी तिने खेळ लावून ठेवला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आपटत बसली. बाहेर फळं एकटीच पडत राहिली. दवाखान्यात जायला नऊ दिवस होते. बुधवारी दुपारी तो डोळे मिटून पडला तेव्हा तिने पुन्हा ती चौकट उघडली.

"सप्रेम नमस्कार वि. वि. आमच्याकडे खेळ आता बरोबर चालू लागला आहे. तो पूर्वीसारखा बिघडवायचा कसा, ते कृपया कळवावे."

उत्तर यायला दीड तास लागला. समोरच्या माणसानं ते दोनदा वाचलं असणार.

"बिघडवता कशाला? मुख्य फाइल उघडा. बारावी ओळ बघा. तिथे ६० लिहिलंय, तो वेग. ३० करा. फाइल तुमचीच आहे, मला विचारायचं कारण नाही."

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. तीस वर्षांत तिच्या हाताखालून इतका मजकूर गेला, पण हा तुमचाच आहे, हवा तसा बदला, असं कुणी म्हणालं नव्हतं. लेखकाची चूक दिसली तरी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं आणि गप्प राहायचं, अशी तिची रीत. आणि इथे तर चूकच नव्हती. साठ बरोबर होते. तिने चष्मा पुसला, बारावी ओळ शोधली, साठ खोडले आणि तीस लिहिले. मग तीनदा तपासलं.

"वन्संनी जाता जाता काहीतरी बिघडवून ठेवलं होतं," संध्याकाळचा चहा देताना ती म्हणाली. "मी लावलं ठीक."

फोरमननं तिच्याकडे बघितलं. मग उठला.

गुरुवारी दुपारपर्यंत तो पुन्हा अडतीसवर आला. तिला हलकं वाटायला लागलं, इतकं की ती त्याच्या पाठीशी उभी राहून मोजायला लागली. आणि मधेच त्याने माऊस सोडला आणि डोळे मिटले. फळं पडत होती. टप. टप. तिला वाटलं चक्कर आली.

"काय होतंय?"

"थांब." तो ऐकत होता. आणखी चार फळं पडली. "रविवारी किती होता वेग?"

"कसला वेग?"

"अगं, मी मशीनवर जन्म काढलाय. आंधळा केलास तरी आवाजावरून सांगेन किती पळतंय." त्याने डोळे उघडले. "नवा माणूस आला की आम्ही पट्टा हळू करायचो. त्याला सांगायचं नाही. बिचाऱ्याला वाटायचं, हात बसला आपला. महिनाभर फुशारत फिरायचा. मी स्वतः किती जणांना असं फसवलंय." तो थांबला. "पण मी नवा नाही."

पडद्यावर आणखी एक फळ जमिनीवर पडलं.

"लहान पोरांत घेतात ना एकाला, तो बाद झाला तरी धरायचं नाही? तसं केलंस मला. लिंबूटिंबू."

"पहिल्यांदा चुकून झालं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मुद्दाम केलं."

आता तो भडकणार हे तिला ठाऊक होतं. काळी शाई जरा करडी उतरली म्हणून त्याने एकदा हजार प्रती रद्दीत टाकल्या होत्या. तिने उत्तरं जुळवून ठेवली. डॉक्टरीणबाई, उरलेले सात दिवस, आणि चिमट्यांचंही काढायचं, सोडायचं नाही.

"कुठेय तो आकडा?" फोरमन म्हणाला.

तिने फाइल उघडून दाखवली. बारावी ओळ. तो नाक पुढे करून बराच वेळ बघत राहिला.

"किती आहे?"

"तीस."

"खरा?"

"साठ."

"सरक."

ती सरकली. त्याने उजवा हात उचलला. डाव्यानं उचलला नाही, तो आपणच आला, अडखळत, की-बोर्डच्या कडेला धडकून वर चढला. साठ करणार, तिला वाटलं. साठ करणार, उद्या पुन्हा तीन येणार, आणि परवा उशी. ती बोलायला गेली आणि तिने ओठ मिटले. तीसपुढे कर्सरची उभी रेघ उघडझाप करत होती. त्याचं बोट खोडायच्या कळीवर टेकलं आणि शून्य गेलं. मग ते बोट पार दुसऱ्या टोकाला निघालं, वाटेत दोनदा थांबलं, आणि एकाच्या कळीवर पडलं.

एकतीस.

पण बोट उठेना. पडद्यावर एकाचे आकडे ओळीनं उमटायला लागले, एकतीसचे तीनशे अकरा झाले, मग कशाचे काय झाले ते वाचताही येईना, ओळ कडेला जाऊन भिडली तरी ते थांबेनात. तिचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावू नकोस."

तिने हात मागे घेतला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. मग बोट उठलं, तांदळाच्या दाण्याएवढं. आकडे थांबले.

फोरमननं श्वास सोडला आणि बोट परत खोडायच्या कळीकडे न्यायला सुरुवात केली. तिथे पोचल्यावर त्याने कळ दाबली, बोट उचललं. एक गेला. पुन्हा दाबली, उचललं. दुसरा गेला. तिने खुर्ची जरा मागे घेतली आणि मांडीवर हात ठेवून बसली. एकूण किती होते कोण जाणे. दुपार अजून बरीच शिल्लक होती.