मित्राला प्रत द्या

आमच्या पुस्तकाचं नाव ‘मोकळा संगणक: अगदी पहिल्यापासून’. फ्री सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते आपल्या मशीनवर कसं बसवायचं आणि बसवताना रडू आलं तर काय करायचं, हे त्यात सोप्या भाषेत आहे. ‘आमच्या’ म्हणतो, कारण सुरुवातीला आम्ही चौघं होतो. मग संपादकबाईंना जुळं झालं. चित्रकाराला एका बड्या कंपनीत नोकरी लागली. तिथे तो विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरची बटणं रंगवतो आणि लाजून मला फोन करत नाही. मुद्रितं तपासणाऱ्याला आम्ही स्वल्पविराम म्हणायचो. त्याने येणंच सोडलं, नावाला न शोभेल असा कायमचा थांबला.

रविवारची बैठक मात्र मी बंद केली नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली आहे, तिथेच ती भरते. मी इतिवृत्तही लिहितो. उपस्थिती: मी. अनुपस्थिती: बाकी सर्व, न कळवता. चहा: एक कप. ठराव मी मांडतो आणि अनुमोदनाची वाट बघतो.

अडचण अनुमोदनाचीच होती. चौघं होतो तेव्हा मोठ्या उत्साहात आम्ही एक नियम केला होता: आपला धडा आपण मंजूर करायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी तो स्वतःच्या हाताने करून बघायचा आणि मगच ‘मंजूर’ दाबायचं. ज्यावर पुस्तक लिहितो त्या ऑनलाइन प्रणालीतही तसंच बसवून टाकलं होतं. स्वतःच्या धड्यासमोर ‘मंजूर’चं बटण करडं होतं, दाबलं तरी ढिम्म. नियम बदलायचा तर तो बदलही दुसऱ्या कोणीतरी मंजूर करावा लागतो. हे कलम मीच सुचवलं होतं आणि त्याबद्दल माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

खोट्या नावाने दुसरं खातं काढून पाहिलं. त्या नावाच्या माणसाने माझी प्रस्तावना वाचली आणि त्याला ती आवडली नाही. मी ते खातं बंद केलं.

मग ताईला विचारलं. तिने पहिला धडा लगेच मंजूर केला.

“वाचलास?” मी फोनवर विचारलं.

“तू लिहिलायस म्हणजे चांगलाच असणार. जेवलास का?”

मी मंजुरी रद्द केली. धड्यात एक पायरी चुकली तर पहिल्यांदा मशीनसमोर बसलेला माणूस पुस्तकाला चूक म्हणत नाही. तो स्वतःला बावळट म्हणतो आणि पुन्हा हात लावत नाही. तसल्या माणसासाठीच आम्ही हा उद्योग मांडला होता. माझ्याकडे दुसरा उद्योगही नव्हता. पुस्तक निघालं नाही तर एवढे दिवस मी या खोलीत नक्की काय करत होतो, हे मला कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यात छापखान्याच्या बाईंनी तंबी दिली. “महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळपर्यंत फाइल आली तर छापते. सोमवारपासून कॅलेंडरं. कॅलेंडरं सुरू झाली की मी सख्ख्या भावालाही ओळखत नाही.”

“मामाला धर,” ताई म्हणाली. “त्याला काही येत नाही आणि काही कामही नाही.”

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त झाला, मग मामी गेली. मुलाने परदेशातून कॉम्प्युटर पाठवला होता. त्याच्यावर टॉवेल टाकून वर मामा औषधाच्या बाटल्या ठेवायचा. मी बाटल्या उतरवल्या आणि नियम सांगितला. मामा एकदम सावरून बसला. लिफ्ट चालू झाली की तो स्वतः तीत बसून वर जायचा, खाली यायचा आणि मगच सही करायचा.

“म्हणजे मी सही करणार,” तो म्हणाला.

“हो.”

“मग घाई करायची नाही.”

पहिला धडा त्याने नामंजूर केला.

“‘मशीन सुरू करा’ लिहिलंयस. प्लग लावा असं कुठाय?”

“मामा, ते सगळ्यांना कळतं.”

“मला नाही कळलं. चहा गार होईपर्यंत बटण दाबत बसलो.”

मी प्लग लिहिला. दुसऱ्या धड्यात ‘खिडकी बंद करा’ असं होतं. मामाने उठून घराची खिडकी बंद केली आणि मग उकडतं म्हणून धडा नामंजूर केला. मी रोज जायचो, मामा रोज नामंजूर करायचा. तरी एकेक धडा सरकत होता. जुनं सॉफ्टवेअर पुसून मोकळं सॉफ्टवेअर बसवणं हा सगळ्यात अवघड धडा, तोही त्याने घाम पुसत पार पाडला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, “हे कोणाच्या बापाचं नाही ना आता?”

“नाही.”

“मग बरं.”

शेवटच्या धड्यापाशी मात्र गाडी अडली. त्याचं शीर्षक ‘मित्राला प्रत द्या’. त्यात लिहिलं होतं: हे सॉफ्टवेअर वाटण्यासाठीच आहे. एखाद्या मित्राला बोलवा, पेनड्राइव्हवर त्याला प्रत द्या आणि दोघांनी मिळून ती त्याच्या मशीनवर चालू करा.

दुसऱ्या दिवशी गेलो तर धडा नामंजूर.

“काय चुकलं?”

“मित्राला बोलवा लिहिलंय.”

“मग?”

“बोलवायला बसलो. कोणी आठवलं नाही.” मामा चष्मा पुसत होता. “एक होता, तो गेला. दुसऱ्याशी बोलणं नाही. बाकी सगळे तुझ्या मामीचे होते.”

“मग मला दे.”

“तू भाचा आहेस. इथे मित्र लिहिलंय.”

आम्ही पेनड्राइव्ह घेऊन बाहेर पडलो. औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, “फुकट? मग काहीतरी गोम असणार,” आणि खोकल्याचं औषध पुढे केलं. इमारतीच्या वॉचमनने वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. बागेतल्या बाकावर एक गृहस्थ एकटेच बसले होते. मामाने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं.

“यात काय आहे?” गृहस्थांनी विचारलं.

“स्वातंत्र्य,” मी म्हणालो.

त्यांनी आपले खिसे चाचपले आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी धड्यात एक ओळ घातली: मित्र नसल्यास हा भाग सोडून द्यावा. मामाने ती दोनदा वाचली.

“हे बरोबर नाही,” तो म्हणाला. “प्लगपासून इथपर्यंत हाताला धरून आणलंस आणि आता म्हणतोस, तू बाजूला हो.”

“मग काय लिहू?”

“लिहिताना तू कोणाला डोळ्यांसमोर धरलं होतंस?”

“स्वल्पविरामाला.”

“त्याला दिलीस प्रत?”

“तो फोन उचलत नाही.”

“दुसरं कोणी?”

मला रविवारचं इतिवृत्त आठवलं. मी त्यावर एक विनोद केला. मामा हसला नाही.

घरी येऊन मी ती ओळ खोडली आणि नवीन लिहिली: कोणी नसेल तर लेखकाकडे या. पत्ता मागच्या पानावर आहे. लेखक बहुधा घरीच असतो.

मामाला ती फोनवर वाचून दाखवली.

“करून बघावं लागेल,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर मामा, इस्त्रीचा शर्ट घालून.

“नमस्कार. लेखक आपणच का?”

“मामा, आत ये ना.”

“मी आपल्याला ओळखत नाही,” मामा म्हणाला. “पुस्तकात पत्ता होता.”

मी जरा विचार केला. “या,” म्हटलं. “बसा.”

त्याने पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी पुढे केला. माझ्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर होतं, म्हणून ते मी आधी पुसून टाकलं. पाहुणा आला की पसारा आवरतात, तसं. मग आम्ही प्रत बसवायला घेतली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. तिच्याकडे बघत बसण्यापलीकडे काही काम नव्हतं.

“एकटेच राहता?” पाहुण्याने विचारलं.

“हो.”

“करमतं?”

मामा हे नेहमी विचारतो आणि मी ‘मजेत’ म्हणतो. पण हा माणूस पहिल्यांदाच आला होता.

“नाही,” मी म्हणालो. “फारसं नाही.”

त्याने मान हलवली.

“तुम्हाला?” मी विचारलं.

“मंडळी गेल्या माझ्या. वर्ष होऊन गेलं. अजून चहाचे दोन कप काढतो. मग दोन्ही मीच पितो, वाया कशाला घालवायचा.” तो पट्टीकडेच बघत होता. “भाचा येतो हल्ली, पुस्तक घेऊन. पण त्याच्यापाशी असलं काही बोलवत नाही. तो विनोद करतो.”

“स्वभावाने कसा आहे?”

“बरा आहे. बहिणीचा मुलगा, काय करणार.”

“त्याला सांगून बघा की एकदा.”

“त्याचं पुस्तक अडलंय. ते होऊ दे आधी.”

पट्टी भरली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, व्यवस्थित. मी अरे वा म्हणालो. मामाने धडा उघडला, एका बोटाने ‘मंजूर’ दाबलं आणि समोरची खूण हिरवी झाली. सगळे धडे हिरवे. आता फाइल छापखान्यात पाठवली की संपलं.

मामा उठून बूट घालायला लागला.

“पुन्हा या,” मी म्हणालो.

“आता कशाला? धडा तर झाला.”

“दिलेली प्रत नीट चालते की नाही, हे लोक मधूनमधून येऊन बघतात.”

“तसं पुस्तकात लिहिलंय?”

“नाही.”

“मग लिही की,” मामा म्हणाला. त्या सकाळी पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला. मग तो जिना उतरायला लागला.

मी धड्याच्या शेवटी ओळ टाकली: ज्याला प्रत दिली त्याच्याकडे पुन्हा जा, आणि ती कशी चालते ते विचारा. ओळ टाकल्याबरोबर हिरवी खूण गेली. धड्यात एक शब्द हलला तरी मंजुरी रद्द होते, हेही आमचंच कलम.

मी जिन्यात गेलो. “मामा, पुन्हा नामंजूर झालं.”

तो खालच्या वळणावर थांबला आणि कठडा धरून वर आला. खुर्चीत बसून त्याने ती ओळ वाचली. मग सगळा धडा पहिल्यापासून वाचायला घेतला, शब्दाखाली बोट सरकवत.

“घाई आहे का?” त्याने विचारलं.

“छापखाना संध्याकाळपर्यंत थांबणार आहे.”

“मग संध्याकाळी दाबतो,” मामा म्हणाला, आणि त्याने बूट काढले.