वनमालेचा डबा

विक्रोळीच्या त्या चाळीत डॉक्टरपेक्षा वनमालेच्या डब्याला मान जास्त. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत औषधांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की ती दोनच दिवस घ्यायला लावायची. ताप उतरला की उरलेल्या डब्यात. "बरं झाल्यावर कसलं औषध खाताय? चणेफुटाणे आहेत काय?" म्हणायची. पुढे कुणी शिंकलं, खोकलं, की डबा खुळखुळवायचा आणि रंग बघून गोळी काढून द्यायची. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला नावं वाचायची गरज कधी पडलीच नाही.

सून मानसी चार वर्षं त्या डब्यातलंच खात होती. सर्दीला लाल-पिवळी, लघवीच्या जळजळीला पांढरी लांबट. या खेपेला जळजळ पाठीत चढली, हुडहुडी भरली. वनमालेने दोन दिवस पांढरी दिली, मग गुलाबी. तिसऱ्या दिवशी मानसी हर्षदला, आपल्याच नवऱ्याला, "तुम्ही कोण?" म्हणाली. तेव्हा त्याने तिला उचलून मुलुंडला हॉस्पिटलात नेलं.

"आधी घरी काही गोळ्या घेतल्यात?" डॉक्टर रुचिराने विचारलं. पोरसवदा बाई, पण नजर धारदार.

"एक पण नाय," वनमाला म्हणाली. हर्षदने तोंड उघडलं, तशी तिने डोळे वटारले.

सलाईन चढत राहिलं, ताप हलला नाही. तिसऱ्या सकाळी डॉक्टरने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेची बशी, तिच्यात मानसीच्या लघवीतल्या जंतूंचा पांढुरका थर, वर औषधांच्या बारीक टिकल्या. "औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. इथे बघा."

गोल नव्हते. थर टिकल्यांना चिकटून वाढला होता, मांजर पायाला अंग घासतं तसा. फक्त एका टिकलीपासून तो लांब राहिला होता.

"हीच एक उरलीय. आजपासून ही सुरू करते. लागेल की नाही, दोन दिवसांनी कळेल," डॉक्टर म्हणाली आणि रिपोर्ट हर्षदच्या हातात दिला. औषधांची नावं, पुढे आर. "आर म्हणजे हे जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत."

वनमालेने कागद हिसकावला आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. डबा पिशवीतच होता. डॉक्टरची पाठ वळली की सुनेला एखादी गोळी द्यावी म्हणून आणलेला! पट्टीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं. इंग्रजी येत नव्हतं, तरी ती कागदाशी एकेक अक्षर बोटाने जुळवत गेली. पांढरी लांबट मिळाली. पुढे आर. गुलाबी मिळाली. आर. लाल-पिवळी. आर. कागदावर नऊ आर होते, त्यातले सात तिच्या डब्यात. जणू कुणी तिच्या घरात डब्याशेजारी बसून, तिच्या नकळत, शांतपणे यादी केली होती.

ती उठली आणि डबा डॉक्टरच्या टेबलावर ठेवला.

"चार वर्षं मीच देत होते."

डॉक्टर रागावली नाही, तेच जास्त लागलं. "सर्दीखोकला बहुतेक विषाणूंचा, आजी. त्यांना या गोळ्यांनी काही होत नाही. पण पोटातले दुसरे जंतू असतात ना, त्यातले कमजोर मरतात, चिवट राहतात. मग चिवटांचीच वस्ती वाढते. तेच पुढे लघवीत शिरतात, घरभर पसरतात."

"म्हणजे मीच पोसले."

डॉक्टरने डबा ठेवून घेतला.

दोन दिवसांनी ताप उतरला. मानसी उशीवरून हसली. "आई, आता बरं वाटतंय. सुया बास ना. घरी जाऊया?"

वनमालेचंच वाक्य, तिच्याच घरात शिकलेलं. "गप रव! डॉक्टरीण सांगता तितके दिवस पुरे झाल्याबिगर पाय खाली टाकशील तर बघ."

कपडे आणायला ती चाळीत आली. गॅलरीत शेजारचा सीताराम खोकत उभा होता.

"काकी, लाल-पिवळी दे ना एक."

"डबा नाय माझ्याकडे आता."

"बरं, पलीकडच्या शिवदासकडून घेतो. तुझं बघून आता सगळ्यांनीच केलेत डबे."

ती थबकली. दुपारची सामसूम. कुठल्याशा खोलीतून पत्र्याचा आवाज आला, खुळखुळ. मग पलीकडून. मग जिन्याजवळून. इतकी वर्षं हा आवाज ऐकून तिची मान ताठ व्हायची.

ती शिवदासच्या दाराशी गेली. हात वर केला, तसा आतला खुळखुळाट थांबला. ओळखीची चाहूल लागल्यासारखा.

"शिवदासा, दार उघड," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "झाकण लाव त्याचं. चूक माझी होती."

आतून हळूच, पुन्हा डबा खुळखुळला.