गिरणीची लेक

कळवणच्या बाजारपेठेत पगार घराण्याची पिठाची गिरणी होती, गावात वीज यायच्या आधीपासूनची. कलाच्या आजोबांनी तेलावर चालणारं इंजिन मुंबईहून आणलं होतं. शेवटचा रस्ता कच्चा, म्हणून ते बैलगाडीतून गावात आलं आणि ते बघायला अख्खं गाव लोटलं, असं कलाचे वडील, सहादूआबा, सांगायचे. पुढे गल्लोगल्ली विजेच्या चक्क्या झाल्या. तरी भाकरी फुगावी तर पगारांच्या पिठाची, असं म्हणत बायका नागली-बाजरीची दळणं घेऊन तिथंच यायच्या.

कला त्या इंजिनाच्या आवाजात वाढली, पण गिरणीत कधी गेली नाही. आबा तिला उंबऱ्याबाहेरच थांबवायचे. जेवणाचा डबा पायरीवर ठेवून ती आत बघत उभी राहायची. धाकटा भाऊ सोमा मात्र पिठानं पांढरा होऊन खुशाल आत-बाहेर करायचा.

"मला का नाय?" तिनं एकदा विचारलं.

"पोरीचं काय काम हाय इथं?" आबा म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. लग्न झाल्यावर ती नाशिकला गेली. नवरा किशोर नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कारखान्यात फिटर होता, घरही तिथंच.

शहाण्णव साली सोमा काविळीनं गेला. आबा खचले. गिरणी बंद करतो म्हणाले. तेव्हा सोमाची बायको मोहिनी कुणाला न विचारता गिरणीत उतरली, पदर खोचला आणि इंजिनाचं चाक कसं फिरवायचं ते दाखवा म्हणाली. आबांनी दाखवलं.

हे सगळं कलाला दिवाळीला माहेरी आल्यावर दिसलं. गिरणी चालू होती. मोहिनी दगडाजवळ उभी होती, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. तिच्या तळहातावर गरम पीठ पडत होतं आणि आबा तिच्या हाताखाली हात धरून सांगत होते, "बोटानं नाय, अंगठ्यानं चोळ. रवाळ लागलं की दगड खाली घे."

"आबा, आता बरोबर हाय का?" मोहिनीनं विचारलं.

कला पायरीवरच थांबली. सोमा असताना हीच बाई आबांना मामंजी म्हणायची.

"ताई, कधी आल्या? या ना," मोहिनीनं हाक मारली.

"नको. पोरीचं काय काम तिथं," कला म्हणाली आणि घरात निघून गेली. आबांना ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. इंजिन चालू होतं.

त्या दिवाळीत तिला एकही करंजी गोड लागली नाही. अंबडला परतल्यावर किशोर म्हणाला, "बिचारी विधवा बाई राबतीय. तुला बरं वाटायला पाहिजे." तिलाही ते कळत होतं. म्हणून तर जास्त राग यायचा. मोहिनी आळशी असती, उद्धट असती, तर निदान बोलता आलं असतं. पण ती आबांची पथ्यं सांभाळायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची आणि कलाला दर उन्हाळ्यात नागलीचं पीठ न चुकता पाठवायची. ते पीठ कला शेजारणीला देऊन टाकायची.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार तीन साली नाशिकहून काही हौशी मंडळी जुन्या वास्तू बघत फिरत कळवणला आली. इंजिन अजून चालतं हे पाहून ती हरखून गेली. त्यांनी फोटो काढले, आबांना खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले. कला नेमकी त्या दिवशी माहेरी होती. चहाचा ट्रे घेऊन ती पायरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"तुमच्यानंतर हा वारसा कोण चालवणार?" एकानं विचारलं.

आबांनी मोहिनीचा हात धरला. "ही हाय ना. सून कसली, माझी लेकच ही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कलानं चहाचा ट्रे पायरीवरच ठेवला. आबांनी तिच्याकडे बघितलंही, पण तिची ओळख करून द्यायची त्यांना आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाजी घेताना तिला नवसाबाई भेटली, पूर्वीपासूनची गिऱ्हाईक. "काय गं, तुमच्या गिरणीचं लय नाव झालं म्हणं," ती कौतुकानं म्हणाली.

"नाव काय," कला म्हणाली. "दगडाला टाकीचे घाव नीट बसत नाहीत आता. पिठात कचकच लागते. मी तर माझ्या घरी वापरतच नाही."

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच नवसाबाईला ते पटलं. घरच्याच लेकीनं सांगितलेलं, मग खोटं कसं असेल? पंधरवड्यात ते बाजारभर झालं. ज्यांना कधी कच लागली नव्हती, त्यांनाही लागायला लागली. दळणं कमी झाली. बायका डबे घेऊन गिरणीवरून पुढं जायच्या आणि मोहिनीची नजर चुकवायच्या.

एका सकाळी मोहिनी एसटीनं नाशिकला आली आणि पत्ता विचारत अंबडला कलाच्या दारात उभी राहिली. पाणीही न पिता तिनं विचारलं, "ताई, पिठाचं तुम्ही बोलल्या का?"

कलाला नाही म्हणता आलं असतं. पण तिला एकाएकी सगळ्याचा कंटाळा आला.

"बोलले. तुझ्यामुळंच बोलले. माझा बाप आहे तो. माझा जन्म त्या पायरीवर गेला. तुला त्यानं हात धरून आत नेलं, चारचौघांत लेक म्हणाला. मग मी कोण?"

मोहिनीनं डोक्यावरचा पदर काढला. खालचे केस मानेपर्यंत, आडवेतिडवे कापलेले होते.

"आबांनीच कापले, गिरणीत उतरले त्या पहिल्याच दिवशी, आणि वाढले की अजून कापायला लावतात. तुम्ही रांगत होत्या तेव्हा गिरणीत एका बाईची वेणी इंजिनाच्या पट्ट्यात ओढली गेली होती. आबांनी डोळ्यांनी बघितलं ते. त्यानंतर तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. तुमचं नाव निघालं की अजून तेच सांगतात. मला मात्र घेतलं आत. मी का नाही राहिले बाहेर? मी दुसऱ्याची पोर, म्हणून?" तिचा आवाज फाटला. "लेक म्हणतात, ताई. पण खऱ्या लेकीच्या जिवाची भीती वाटते त्यांना. माझ्या जिवाची नाही वाटली."

आबांनी हे कलाला कधीच का सांगितलं नाही, हा राग तिला आला. आणि खरं सांगायचं तर त्या रागाखाली तिला आनंदही झाला. समोरची बाई रडत असताना आपल्याला आनंद होतोय, याची लाजही वाटली.

पुढच्या बाजाराला ती कळवणला गेली. भर बाजारात नवसाबाईपुढं उभं राहून म्हणाली, "मी खोटं बोलले. जळले होते मी." नवसाबाईनं तोंडाला पदर लावला. संध्याकाळपर्यंत तेही बाजारभर झालं. काही बायका परत आल्या. काहींना जवळची चक्की सोयीची वाटायला लागली होती, त्या आल्या नाहीत.

त्याच दिवशी मोहिनी म्हणाली, "या आत." कला उंबरा ओलांडून गेली. इंजिन चालू होतं, पट्टा सळसळत फिरत होता. खुर्चीवर डुलक्या घेणारे आबा दचकून ओरडले, "कले, मागं हो! पदर धर आधी!"

कलानं पदर धरला. तिचे डोळे भरून आले. तिनं मोहिनीकडे पाहिलं, तर ती तोंड फिरवून पीठ चोळत होती, नको इतकं जोरात.

पुढच्या थंडीत आबा गेले. त्यानंतर कला बाजाराच्या दिवशी एसटीनं यायची आणि दारात बसून दळणं वजन करून घ्यायची. नणंद-भावजयींचं फार सख्य झालं असं नाही. एखादी म्हातारी मोहिनीला "आबांसारखा हात हाय तुझा" म्हणाली की कला वजनं काट्यावर जोरात आदळायची. आणि कला आबांच्या जुन्या गोष्टी सांगायला लागली की मोहिनीला हटकून काहीतरी काम आठवायचं.

दोन हजार सात साली इंजिनाचा एक भाग तुटला. तो कुठंच मिळेना. दगड विजेच्या मोटारीवर चालवायला घेतले आणि इंजिन कोपऱ्यात उभं राहिलं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ते दारात शोभेला ठेवायला हवं होतं. मोहिनी त्याला म्हणाली, "ताईंना विचारा, त्यांच्या आजोबांचं हाय." तो अंबडला गेला. कला म्हणाली, "मोहिनीला विचारा, तिनं चालवलंय." तो पुन्हा कळवणला गेला, पुन्हा अंबडला आला आणि शेवटी कंटाळून त्यानं नाद सोडला.