म्हणी तेवढ्या उरल्या

एवेलिओच्या तोंडी म्हण नाही असा प्रसंगच नव्हता. बारसं असो, गारपीट असो की शेजारणीचा करपलेला रस्सा, गडी म्हण टाकून मोकळा. आमच्या गावात ती खोड सगळ्यांनाच आहे म्हणा. म्हणून तर त्याला मेंदूचा झटका आला तेव्हा त्याचं काय गेलं ते कुणाला कळलंच नाही.

कळलं ते फक्त त्याच्या बायकोला, ओब्दुलियाला. इस्पितळातून घरी आणल्यावर पाणी हवंय का विचारलं, तर म्हण. पाय दुखतोय का, तर म्हण. स्वतःचे शब्द गेले आणि तोंडपाठ म्हणी तेवढ्या उरल्या. त्यातलीही कुठली बाहेर पडेल याचा नेम नाही. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी. होतं म्हणे! ओब्दुलियाने गावात चकार शब्द काढला नाही. बारमध्ये लोक एवेलिओच्या पाठीवर थाप मारायचे, "आजारपणातही डोकं शाबूत हां, गड्या!" आणि ती कसनुसं हसायची.

तिला एकच हवं होतं, पेन्शनवाल्यांची कादिसच्या समुद्रावरची सहल. दर शरदात दोघं जायची. बसमधली खिडकी एवेलिओची, मांडीवर बटाट्याचं ऑम्लेट भरलेला पाव, आणि वेस ओलांडते न ओलांडते तोच ह्याचं गाणं सुरू. प्रवासात म्हातारा नुसता तरणाबांड व्हायचा. समुद्र दिसला की याच्या तोंडून एखादा तरी स्वतःचा शब्द निघेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. वेडी आशा, पण तिच्यावरच ती दिवस ढकलत होती.

नावनोंदणी गावच्या कचेरीत होती. आमच्याकडे रांगेत उभं कुणी राहत नाही. आत शिरताना "शेवटचं कोण?" विचारायचं, कुणीतरी "मी" म्हणतं, त्याच्यामागे आपला नंबर, मग कुठेही बसून गप्पा हाणा. ओब्दुलियाने कास्तोच्या मागे नंबर लावला, आणि तिला आठवलं, एवेलिओचं ओळखपत्र घरीच राहिलं. "बस इथेच, आलेच मी," म्हणत ती धावली.

तेवढ्यात फर्मिना आली. "शेवटचं कोण?"

एवेलिओने हात वर केला, तोंड उघडलं, आणि उतावळ्या माणसांवरची एक लांबलचक म्हण बाहेर पडली. अख्खी कचेरी हसली.

"घ्या! सरळ विचारावं तर प्रवचन!" फर्मिना म्हणाली.

"अगं, तो नुसता बायकोबरोबर आला होता. ती तर गेली," कास्तो म्हणाला. "लाव माझ्यामागे."

फर्मिनाच्या मागे आणखी माणसं आली. एवेलिओ पुनःपुन्हा हात वर करत होता, कपाळाला घाम फुटला होता, आणि त्याच्या प्रत्येक म्हणीला लोक दाद देत होते.

ओब्दुलिया धापा टाकत परतली तेव्हा टेबलामागची नूरिया म्हणाली, "बाई, एकच सीट उरलीय हो."

"एकच? मी कास्तोच्या मागे होते! याला बसवून गेले होते ना!"

"मग बोलायला काय झालं होतं त्याला?" फर्मिना फणकारली.

"बोलता येत नाही त्याला!" ओब्दुलिया ओरडली. "झटका आल्यापासून नाही येत! स्वतःचं नाव सांगता येत नाही माझ्या माणसाला, आणि तुम्ही हसताय!"

कास्तोने टोपी काढली. फर्मिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सीट काही कुणी सोडली नाही. वर्षभर वाट पाहिलेली सहल, कोण सोडतं!

"तुम्ही तरी जा, बाई," नूरिया हळूच म्हणाली. "काकांकडे माझी आई बघेल. खूप दमलायत तुम्ही."

खरंच दमली होती ती. खूप दमली होती, आणि एका क्षणासाठी तिला जावंसं वाटलं. ती त्याच्याकडे वळली. "एवेलिओ, जाऊ का रे मी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी स्वच्छ आवाजात एक म्हण म्हटली. निघालेल्याला अडवू नये, अशा अर्थाची.

"बघ!" फर्मिना हुंदका देत म्हणाली. "जा म्हणतोय बिचारा! आणखी काय हवं?"

नूरियाने पेन उचललं. ओब्दुलियाने खाली पाहिलं. तिच्या कोटाची बाही एवेलिओने मुठीत धरली होती, इतकी घट्ट की त्याची बोटं पांढरी पडली होती.

"लिहू नको," ती म्हणाली.