पदराआडच्या गाठी

पार्वताबाईच्या मानेवर हरभऱ्याएवढी पहिली गाठ आली, त्याला दोन वर्षं झाली. दुखत नव्हती, म्हणून तिनं ती पदराखाली झाकली. मग बोराएवढ्या आणखी तीन आल्या. काखेतही आल्या.

सिहोरा गावात भाताच्या रोवणीला सगळ्यांआधी आपल्या वाट्याची बांधी लावून संपवणारी ही बाई यंदा दोन ओळी लावल्या की शेताच्या धुऱ्यावर बसू लागली. चार घासांत पोट भरे, डाव्या बरगडीखाली जड वाटे. चोळ्या सैल झाल्या.

"काय खाऊन राहिली वं बुढे? पोरीवानी बारीक झाली," शेजारची मंगलाबाई चिडवी.

"तुही नजर लागली," ही म्हणे.

कारण आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. धाकटा मुलगा सुगत सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला. तोही असाच थकायचा, त्याच्याही डाव्या बरगडीखाली असंच जड व्हायचं. आता सोयरीक जुळवताना लोक आधी सिकलच्या तपासणीचा कागद मागतात. नात प्रतिक्षाचा कागद चांगला आला होता, अड्याळचं स्थळ ठरलं होतं. पण आजीच्याही रक्तात सिकल निघालं, तर त्या कागदावर कोण विश्वास ठेवील? लग्न होईपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवलं.

दिवाळीनंतर ताप उतरेना, तेव्हा प्रतिक्षानं तिला ओढतच नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मान, काख, पोट चाचपलं. रक्त तपासलं, मग त्याच रक्ताची आणखी एक खास तपासणी केली. आठवड्यानं समोर बसवून त्यांनी सावकाश सांगितलं, "आजी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. तुमच्यात त्यांतली एक जात नुसती वाढत चालली आहे, लढत मात्र नाही. गाठी तिच्याच. चांगलं रक्त तयार व्हायला जागाच उरली नाही, म्हणून हा थकवा. हा रक्ताचा कॅन्सर आहे. हळू चालणारा."

"म्हंजे सिकल नाही?"

"नाही."

"अन् नातीले?"

"सिकलसारखा आईबापाकडून उतरणारा नाही हा."

पार्वताबाई हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं चारचौघांत मानेवरचा पदर सोडला.

"तुम्ही आधी आला असतात," डॉक्टर म्हणाले, "तर काही दिवस नुसती नजर ठेवून चाललं असतं. आता गोळ्या लगेच सुरू करायच्या."

"मार्चात लग्न हाये. त्याच्यानंतर करू."

"काहून?" प्रतिक्षानं विचारलं.

"कॅन्सरवाल्याईचं घर म्हणतीन, बाई."

बाहेर येऊन प्रतिक्षानं आजीसमोरच नवऱ्यामुलाच्या वडिलांना फोन लावला. "जय भीम, मामाजी. आजीले रक्ताचा कॅन्सर हाये. माह्यासाठी दोन वर्षं लपवलं तिनं. आता मी नाही लपवत."

पलीकडून आवाज आला, "घरी इचारून सांगतो."

फोन बंद झाला. पार्वताबाईनं पदर पुन्हा मानेभोवती ओढून घेतला. प्रतिक्षानं तो अलगद सोडवला, आजीचा हात धरला आणि ती औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.