नुसत्या पाण्याचे बुटके

माझ्या प्रबंधाचा जीव चोवीस बुटक्या उंदरांत अडकला होता. त्यांचे आईबाप धडधाकट, पण दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं की पिल्लू बुटकं निपजायचं. त्याच्या पेशींत गंधक धड शिरत नसे आणि हाडांच्या टोकांची कूर्चा कच्ची राही; ती किती कच्ची, ते लघवीतून कळे. बाराजणांना मी पाण्यातून गंधकाचं औषध देत होते, बाकीच्यांना नुसतं पाणी. औषधवाले सुधारले आणि पाणीवाले तसेच राहिले, तर मी डॉक्टर. नाहीतर महिनाअखेर शिष्यवृत्ती बंद.

लघवीच्या तपासणीत सगळेच सुधारलेले निघाले. सरांनी आकडे पाहून चष्मा काढला. "म्हणजे तुमचं औषध पाण्याइतकंच गुणकारी आहे." रागावले की सर मला अहोजाहो करतात.

मी तणतणत पिंजऱ्यांच्या खोलीत गेले. पिंजरे साफ करणाऱ्या मावशी पाणीवाल्यांसमोर बसल्या होत्या. मांडीवर डबा, डब्यात उकडलेलं अंडं.

"मावशी, हे काय?"

"पांढरं त्यांना देते. पिवळं मी खाते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्या बाराजणांना औषध, यांना नुसतं पाणी. यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. मग डोक्यात ट्यूब पेटली. अंड्यातही गंधक असतंच की! माझ्या प्रयोगाची मावशींनी पार वाट लावली होती, आणि माझं म्हणणं खरं असल्याचंही दाखवून दिलं होतं.

सर पाच मिनिटं हसले आणि एकेरीवर आले. "मुदत वाढवून घेतो. नव्या पिल्लांवर पुन्हा कर. तीन गट. औषध, अंडं, पाणी."

अंड्याचा गट मी मावशींकडेच सोपवला, वहीसकट. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पाणीवाल्या आठजणांचे पिंजरे मात्र मी कपाटात ठेवले, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या गळ्यात अडकवली. मावशी माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलल्या.

या वेळी औषधवाले सुधारले, अंडेवाले सुधारले, पाणीवाले कच्चेच राहिले. मला आनंद झाला, आणि त्या आठजणांकडे बघून लाजही वाटली.

प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी मी पेढेबिढे सोडून अंडी घेतली, उकडली आणि कुलूप काढायला गेले. मावशी डबा घेऊन आधीच दारात उभ्या होत्या.

पांढरं आठजणांना दिलं. पिवळं आम्ही दोघींनी खाल्लं.